परक्यांचे जिने

पहिला दिवस, रोम

परदेशप्रवास विमानात बसल्यावर सुरू होत नाही, तो कागदांपासून सुरू होतो. ३०,००० युरोंचा विमा, बँकेची पानं, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, परतीचं तिकीट. ही सगळी फाइल ताईने विमानभर मांडीवर धरून आणली होती. फ्यूमिचिनो विमानतळावर रांगेत सव्वा तास गेला. मग काचेआडच्या तरुणाने आमच्या तोंडाकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं आणि शिक्का मारला. फाइलकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

"एक प्रश्न तरी विचारायचा!" ताई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

विमानतळावरून तेर्मिनी स्थानकाला थेट गाडी आहे. ३२ मिनिटं, १४ युरो, वाटेत थांबा नाही. गाडीत बसल्यावर वाटलं, जमतंय की आपल्याला. हा आत्मविश्वास मुक्कामाच्या दारापर्यंत टिकला. दाराला कुलूप नव्हतं, आकड्यांची पाटी होती आणि ते आकडे मालकाने विमान हवेत असताना पाठवले होते. दार उघडलं. आत पितळी जाळीची जुनी, सुंदर लिफ्ट, आणि तिच्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद: गुआस्तो. बिघडली आहे.

इटालियन भाषेतला आम्ही शिकलेला पहिला शब्द तो. पुस्तकातून 'बोंज्योर्नो', 'ग्रात्सिए' घोकून आलो होतो, पण खरी भाषा भिंतीवर चिकटवलेली असते. खोली चौथ्या मजल्यावर. ताईचा उजवा गुडघा गेली पाच वर्षं रुसलेला. ती एकेक पायरी मोजत चढली आणि वर पोचल्यावर खर्चाच्या वहीत पहिली नोंद केली: 'जिना – ९२.' मग पुढे सबंध प्रवासात ती पायऱ्या मोजत राहिली. मला आधी त्याचा वैताग आला, नंतर मीच विचारू लागले, "किती झाल्या?"

संध्याकाळी, म्हणजे पाचलाच अंधार पडल्यावर, कोपऱ्यावर एक बुटका लोखंडी खांब दिसला. त्याच्या वाकड्या नळीतून पाणी अखंड वाहत होतं. रोमकर याला 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. १८७० च्या दशकापासून हे बसवत आलेत आणि शहरात आज असे सुमारे अडीच हजार असतील. एक शाळकरी मुलगा आला, नळीचं तोंड बोटाने दाबलं, तशी वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडाली. तो न वाकता प्यायला आणि निघून गेला. मग आम्ही दोघी. पहिल्या खेपेला माझ्या चष्म्यावर, दुसऱ्या खेपेला ताईच्या बाहीवर आणि तिसऱ्या खेपेला तोंडात. गार, गोड, फुकट. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काय, असं विचाराल तर हे.

दुसरा दिवस, रोम

शब्द दुसरा: शोपेरो. संप. शहरी वाहतूक बंद, मेट्रोच्या तोंडाशी जाळी ओढलेली. चालत व्हॅटिकन.

तिथल्या संग्रहालयाबद्दल मी फार लिहिणार नाही. जगातल्या प्रत्येकाला सिस्टीन चॅपेलचं तेच एक छत बघायचं असतं, आमच्यासकट. त्यामुळे किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या दालनांतून माणसांचा लोंढा वाहत असतो आणि तुम्ही त्यात ओंडक्यासारखे. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मान मोडून ते छत रंगवलं. आम्ही बारा मिनिटं मान मोडून पाहिलं. खाली पहारेकरी दर मिनिटाला 'सिलेन्त्सिओ!' असं ओरडत होते. शांतता राखण्यासाठी केलेला तो आवाज तिथला सगळ्यात मोठा आवाज होता.

शेजारच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये मात्र नशिबाने साथ दिली. शिल्पकार बर्निनीचा तो काशाचा प्रचंड मंडप बरेच महिने परांचीत लपलेला होता. तीन-चार दिवसांपूर्वीच त्याच्यावरचा पसारा काढून तो उघडा केला होता. इतका स्वच्छ की नवाच वाटावा.

तिसरा दिवस, रोम

१ नोव्हेंबर. सर्व संतांचा सण, सुट्टी. कॅथलिकांच्या २०२५ च्या पवित्र वर्षाची तयारी चालू असल्यामुळे सगळं शहर पत्र्यांआड आणि परांचीवर. त्रेवीचं कारंजं कोरडं ठाक. लोकांनी नाणी टाकायची कुठे? तर कारंज्यासमोर एक बुटकी चौकोनी टाकी ठेवलेली, पाय धुवायला ठेवतात तशी. आणि लोक टाकीकडे पाठ करून, डोळे मिटून, खांद्यावरून नाणी टाकत होते! ताईनेही टाकलं. "टाकी असली म्हणून काय झालं," म्हणाली.

चौथा दिवस, रोम

कॉफी कशी घ्यायची हे एव्हाना कळलं होतं. आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती घेऊन काउंटरवर, मग उभ्यानेच दोन घोटांत संपवायची. बसलात की दर बदलतो. पहिल्या दिवशी मी 'लात्ते' मागितली आणि समोर आला पेलाभर गार दूध. चूक त्याची नव्हती, लात्ते म्हणजे दूधच. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र क्षणभर काळजी उमटली, की या वयाच्या बाईला हे काय झालं.

परदेशात माझी सगळ्यात जास्त चिडचिड कशाने होत असेल तर याने. घरी मी बरी हुशार बाई आहे, चार माणसं माझा सल्ला घेतात. इथे मला दूध आणि कॉफी यांतला फरक सांगता येत नाही, दार ओढायचं की ढकलायचं ते कळत नाही, हसले तर नको तिथे हसते. तीस-चाळीस वर्षांत कमावलेला शहाणपणा सीमेवरच ठेवून घेतात आणि पावतीही देत नाहीत.

दुपारी पँथेऑन, प्राचीन रोमन देऊळ. ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, आत पोलाद नाही, आणि मधोमध आभाळाला उघडा असलेला गोल झरोका. पाऊस आत येत नाही अशी एक लाडकी समजूत आहे. येतो, चांगला येतो. म्हणून तर जमिनीला किंचित उतार आहे आणि पाणी जायला फरशीत भोकं. आमच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मला वाटलं होतं, उन्हाचा झोत माणसांच्या डोक्यांवर पडलेला असेल. पण नोव्हेंबरचा सूर्य खाली असतो, त्यामुळे ती पांढरी तबकडी वर घुमटाच्या चौकटींवर लटकलेली होती आणि अगदी हळूहळू सरकत होती. आम्ही एक चौकट ठरवली आणि तबकडी ती ओलांडेपर्यंत बसून राहिलो. पाच युरोत इतका वेळ मला कुणी दिलेला नाही.

तिथून पाच मिनिटांवर सान लुइजी देइ फ्रांचेझी हे चर्च. दुपारचं बंद, म्हणून बाहेर थांबलो. आत डाव्या कोपऱ्यातल्या देवळीत काराव्हाज्जोची तीन चित्रं, संत मॅथ्यूची. देवळी अंधारी. कडेला एक पेटी, तिच्यात नाणं टाकलं की दिवे लागतात आणि काही मिनिटांनी खट्कन विझतात.

आता गंमत पाहा. आम्ही गेलो तेव्हा अंधारात पंधरा-वीस माणसं उभी होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याने नाणं टाकण्याची वाट पाहत होता. कुणी खिसे चाचपण्याचं नाटक करतोय, कुणी माहितीपत्रक वाचतोय, तेही अंधारात! शेवटी ताई पुढे झाली. दिवे लागले आणि उजवीकडून येणारा चित्रातला तो उजेड मेजावर पैसे मोजणाऱ्या माणसांवर पडला. त्यांतला एक तर मानही वर करत नाही, नाणीच मोजत राहतो. मला हसू आवरेना. चित्रातले लोक आणि चित्रासमोरचे लोक, दोन्हीकडे तोच प्रश्न. दिवे विझल्यावर मागून एका म्हाताऱ्या गृहस्थाने टाकलं, मग एका मुलीने. कुणी कुणाशी बोललं नाही, पण पाचव्या नाण्यापर्यंत आमची एक टोळी झाली होती. कुणाकडे आता सुटे आहेत, हे नुसत्या नजरेने ठरत होतं.

पाचवा दिवस, फ्लॉरेन्स

गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार हे शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. तोवर सगळं स्थानक माना वर करून फळ्याकडे बघत असतं आणि आकडा उमटला की पळतं. पेट्या, मुलं, कुत्री, गुडघे, सगळं. दीड तासात फ्लॉरेन्स.

पोचलो तीन वाजता, भुकेने कावलेल्या. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद, ती सातला उघडणार. याच शहरात सांता क्रोचे चर्च बघून फ्रेंच लेखक स्तांदालला १८१७ मध्ये छातीत धडधड होऊन चक्कर येईलसं झालं होतं. पुढे १९७९ मध्ये इथल्याच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी, कला पाहून घेरी येणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास करून त्या अवस्थेला त्याचं नाव दिलं. कॅथीड्रलचा तो पांढरा-हिरवा-गुलाबी संगमरवर अचानक समोर आला तेव्हा मलाही गरगरलं. ताईने पर्समधून बिस्किट काढून दिलं आणि स्तांदालचा आजार बरा झाला.

रात्री जेवताना आणखी एक शोध. आम्ही दोघी मांस खात नाही. ताईने चार दिवस 'पेपेरोनी' लिहिलेला प्रत्येक पदार्थ नाक मुरडून टाळला होता, मसालेदार सॉसेज समजून. आज शेजारच्या टेबलावर पेपेरोनी आलं, तर त्या ढब्बू मिरच्या! लाल, पिवळ्या, भाजलेल्या. तिने चार दिवसांचा हिशेब मनात केला असावा, कारण तिने लगेच दोन ताटं मागवली.

आणि पाव. टोपलीत आलेला पाव मी तोडला, खाल्ला आणि मिठाची बाटली शोधू लागले. तुस्कानीच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातल्या, पावात मीठ नसतं. पिसा शहराने समुद्राकडून येणारं मीठ अडवलं म्हणून, की मिठावरच्या करामुळे, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. वाढणाऱ्या मावशींना मी खुणेने मीठ मागितलं, तर त्यांनी मीठ दिलं नाही, तेलाची बाटली दिली. नोव्हेंबर म्हणजे नव्या ऑलिव्ह तेलाचे दिवस. हिरवंगार, आणि गिळताना घशात मिरीसारखं चावणारं. मग कळलं, त्या अळणी पावाचं काम काय ते.

याच शहराने दांते कवीला १३०२ मध्ये हद्दपार केलं. तो पुन्हा कधीच इथे आला नाही. परागंदा होण्याचं दुःख त्याने एका भविष्यवाणीत सांगितलंय: दुसऱ्याचा पाव किती खारट लागतो ते तुला कळेल, आणि दुसऱ्याचे जिने चढणं-उतरणं ही किती कठीण वाट असते तेही. बाकीच्या जगाला ही उपमा वाटते. पण ज्याच्या गावचा पाव अळणी आहे, त्याच्या तोंडी ती साधी तक्रार आहे. गावाबाहेर पडलं की पहिल्याच घासाला कळतं.

ताईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "जिन्यांचं त्याने अगदी बरोबर लिहिलंय."

सहावा दिवस, फ्लॉरेन्स

सोमवार. उफीत्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं. हे जगाला माहीत आहे, आमच्या वहीला नव्हतं. दोष सर्वस्वी आमचा, म्हणजे माझा.

तेव्हा मी कॅथीड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढायचं ठरवलं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. ताई खाली पायरीवर बसली. घुमट दुहेरी आहे, आतला एक आणि बाहेरचा एक, आणि वाट त्या दोघांच्या मधल्या फटीतून जाते. १४३६ मध्ये तो पुरा झाला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. विटा अशा नागमोडी गुंफल्यात की वर जाताना त्यांनी एकमेकींना धरून ठेवावं. हे सगळं मी वाचून गेले होते. कुठल्याही पुस्तकाने हे मात्र लिहिलं नव्हतं, की त्या फटीत तुमच्या नाकापुढे एका अनोळखी माणसाची पाठ आणि मागे दुसऱ्याचा श्वास असतो, आणि वरचे उतरेपर्यंत मधेच दहा मिनिटं थांबावं लागतं. मला बंद जागेची भीती वाटते हे मला तिथे, तीनशेव्या पायरीच्या आसपास कळलं. वर पोचले. लाल कौलं, डोंगर, नदी, वारा. छान होतं. पण खरं सांगू? पाय लटपटत असल्यामुळे निम्मा वेळ मी कठड्याकडेच पाहत होते.

खाली आले तर ताई एका इटालियन आजीबाईंशी गप्पा मारत बसलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. विषय गुडघा होता. आजीबाईंनी स्वतःची शस्त्रक्रियेची खूण दाखवली, ताईने आपला गुडघ्याचा पट्टा दाखवला. शेवटी आजीबाईंनी एक दुकान दाखवलं आणि तिथून ताईने नव्या तेलाची छोटी बाटली घेतली, पाव लिटरची. मी ४६३ पायऱ्या चढून जे आणलं, त्यापेक्षा तिला जास्त मिळालं होतं.

तारीख होती ४ नोव्हेंबर. १९६६ मध्ये याच दिवशी आर्नो नदी शहरात शिरली. सांता क्रोचेच्या आसपासच्या भिंतींवर 'पाणी इथवर आलं होतं' अशा पाट्या आहेत, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. सांता क्रोचेत दांतेची भव्य कबर आहे. रिकामी. शहर पाचशे वर्षं त्याची हाडं मागत राहिलं, आणि तो जिथे वारला त्या राव्हेन्नाने दिली नाहीत. म्हणून आम्ही राव्हेन्नाला जाणार होतो.

सातवा दिवस, बोलोन्या

जाणार होतो.

पावणेदहाला बोलोन्याला उतरलो. इथे गाडी बदलायची. फळ्यावर आमच्या गाडीपुढे लाल अक्षरं: रद्द. तिच्या खालची, रद्द. त्याच्याही खालची. शोपेरो, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. इथले संप सहसा आगाऊ सांगून होतात, हा एका रात्रीत ठरलेला. मी चिडले, आणि मनसोक्त चिडले. आठ तास! दोन पेट्या! सामान ठेवायच्या जागेपुढे वळसा घेतलेली रांग! ताई बाहेर मोकळ्या हवेत गेली. तिथे भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि त्यात दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावर अजून दहाही वाजले नव्हते.

"घ्या," ताई म्हणाली, "घड्याळही गुआस्तो."

आम्ही दोघी हसलो. बऱ्यापैकी मोठ्याने.

मग प्रतीक्षागृहात बसायला गेलो. आतल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग आहे, काच लावून तशीच ठेवलेली. फरशीत एक खळगा. आणि एका संगमरवरी फळीवर नावं. प्रत्येक नावापुढे वय.

२ ऑगस्ट १९८०, शनिवार. सुट्ट्यांचा पहिला शनिवार, त्यामुळे स्थानक गच्च भरलेलं. याच प्रतीक्षागृहात नवफॅसिस्टांनी ठेवलेली बॉम्बची पेटी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी फुटली. ८५ माणसं मेली, दोनशेवर जखमी झाली. समुद्रावर निघालेली कुटुंबं, चुकलेल्या गाडीमुळे थांबलेले प्रवासी, वीस वर्षांचा एक जपानी विद्यार्थी. सर्वांत लहान मुलगी तीन वर्षांची. घड्याळ बिघडलेलं नाही. ते त्या वेळेवर ठेवलंय.

ताई ती वयं वाचत राहिली, ओठ हलवत, पायऱ्या मोजते तशी. मी शेजारी उभी. आजूबाजूला लोक सँडविच खात होते, फोनवर भांडत होते, एक पोर रडत होतं. ते अजूनही प्रतीक्षागृहच आहे. लोक तिथे गाडीचीच वाट बघतात.

संपाचं कारण दुपारी कळलं. कॉफी देणाऱ्या मुलाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आदल्या दिवशी जेनोव्हात तिकीट मागितलं म्हणून एका रेल्वे कर्मचाऱ्याला भोसकलं होतं. त्याच्या देशभरच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काम थांबवलं. सकाळी मी ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते, ते हे. मी शरमले, असं लिहिलं तर नीटनेटकं होईल. खरं म्हणजे शरम वाटली आणि पेटी ओढताना वैतागही आलाच. दोन्ही संध्याकाळपर्यंत बरोबर होते.

उरलेला दिवस कमानींखाली काढला. बोलोन्यात रस्त्याच्या कडेने छप्परवाल्या कमानी आहेत, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर. २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ऊन, पाऊस, काही लागत नाही, जमीन सपाट, आणि मुख्य म्हणजे पायऱ्या फार नाहीत. शहर ठरवलेलं नव्हतं, पुस्तकात पान नव्हतं, बघायची यादी नव्हती. आम्ही नुसत्या चाललो. ताईच्या गुडघ्याने सबंध प्रवासात एका गावाला पूर्ण गुण दिले, ते याला.

पाचनंतर गाड्या हळूहळू जाग्या झाल्या. राव्हेन्नाला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. म्हणजे स्वयंपाकघर उघडं होतं!

आठवा दिवस, राव्हेन्ना

रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचीदियाची समाधी बाहेरून विटांची कोठी वाटते. आत शिरलो तर काहीच दिसेना. खिडक्यांना काच नाही, पातळ अलाबास्टरचे दगड आहेत, त्यांतून मधासारखा उजेड झिरपतो. डोळे सरावले तसं डोक्यावरचं गडद निळं छत दिसू लागलं, सोनेरी ताऱ्यांनी भरलेलं. पाचव्या शतकातलं. आत थांबायला मोजकी मिनिटं देतात, त्यांतली दोन आंधळेपणातच जातात. बाहेर आलो आणि परत रांगेत उभ्या राहिलो. या खेपेला मी आत जाण्याआधीच डोळे मिटून घेतले.

दांतेची कबर एका गल्लीच्या टोकाशी, घराच्या देवघराएवढी. तो १३२१ मध्ये इथे वारला. १५१९ मध्ये पोपच्या परवानगीने फ्लॉरेन्सचे लोक हाडं न्यायला आले, तर पेटी रिकामी. शेजारच्या मठातल्या साधूंनी मागच्या भिंतीला भोक पाडून हाडं आधीच पळवली होती. त्यांनी ती इतकी लपवली की पुढे कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १८६५ मध्ये भिंत पाडताना एका लाकडी पेटीत सापडली. कबरीवरच्या लॅटिन ओळींत फ्लॉरेन्सला 'उणी माया असलेली आई' म्हटलंय. आणि त्याची हद्दपारी फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने रीतसर रद्द केली, ती २००८ मध्ये. सरकारी काम कुठेही सारखंच.

छताला एक दिवा टांगलेला आहे. त्याचं तेल दरवर्षी फ्लॉरेन्सहून येतं. प्रायश्चित्त म्हणून.

ताईने आपल्या पिशवीवर हात ठेवला. "माझ्याकडेही आहे," ती हळूच म्हणाली.

नववा दिवस, व्हेनिस

फेराराला गाडी बदलली, ती वेळेवर मिळाली, म्हणून लिहिण्यासारखं काही नाही. स्थानकातून बाहेर पडलं की रस्ता नसतो, थेट पाणी असतं. हे चित्रांत हजारदा पाहिलेलं असूनही पाय थबकले.

मग पेट्या आणि पूल. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नाहीत, सबंध वस्तीला एकच मालिका. आमच्या घराचा क्रमांक पाच हजारांत होता आणि त्याच्या शेजारच्या घराशी त्याचं काही नातं असेलच असं नाही. भिंतीवर पिवळी पाटी, 'रिआल्तोकडे', आणि बाण दोन्ही बाजूंना. फोनवरचा निळा ठिपका आम्हाला कालव्यात चालवत होता. चाळीस मिनिटांत एकाच विहिरीपाशी तीनदा आलो. तिसऱ्यांदा ताई पेटीवर बसली आणि म्हणाली, "आता तू शोध. मी इथेच राहते. म्हातारपण इथेच काढते."

गल्लीला इथे 'काल्ले' म्हणतात. दांतेच्या त्या ओळीत 'कठीण वाट' आहे ना, तिथेही हाच शब्द आहे. हे मला तेव्हा आठवलं, पण ताईला सांगण्याची ती वेळ नव्हती.

दहावा दिवस, व्हेनिस

तिसरा संप. या खेपेला पुन्हा शहरी वाहतूक, देशभर. इथे शहरी वाहतूक म्हणजे पाणबस, आणि त्यांच्या धक्क्यांवर सन्नाटा. दहा दिवसांत तीन! आता आम्हाला रागसुद्धा आला नाही. ताईने वहीत फक्त तारीख लिहिली.

पण ग्रँड कॅनॉल ओलांडायचा तर रिआल्तोच्या पुलाचा चढ. तेवढ्यात सांता सोफियाच्या चौकात पाण्याशी पाच-सहा बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन उभ्या दिसल्या. त्यांच्या मागे आम्हीही. एक साधी, लांबट गोंडोला आली, तिला 'त्रागेत्तो' म्हणतात, ही नुसती या काठावरून त्या काठावर नेते. दोन युरो. सजावट नाही, मखमल नाही. बायका उभ्याच राहिल्या, बसमध्ये राहतात तशा. ताईने माझं मनगट घट्ट धरलं. नाव निघाली, आणि एरवी पाणबसच्या लाटांनी खवळलेला तो कालवा संपामुळे आरशासारखा होता. दोन्ही बाजूंचे महाल पाण्यात उलटे, न हलणारे. वल्ह्याचा आवाज तेवढा. फार तर दोन-तीन मिनिटं. पलीकडे मासळीबाजाराशी उतरलो.

"परत जाऊ या," ताई म्हणाली.

आम्ही चार फेऱ्या मारल्या. नावाड्याने पाचव्यांदा पैसे घेतले नाहीत, मानेनेच 'बसा' म्हणाला.

इथेही भिंतींवर १९६६ च्या पुराची खूण आहे, तोच ४ नोव्हेंबर, १९४ सेंटिमीटर. त्यानंतरचं सगळ्यात मोठं पाणी २०१९ चं, १८७. आता समुद्राच्या तोंडाशी पोलादी दरवाजे आहेत, पाणी चढू लागलं की उठतात. आमच्या दिवसांत त्यांना काही काम नव्हतं, आभाळ स्वच्छ होतं.

अकरावा दिवस, विमानतळ

पहाटेची नाव, धुकं, खांबांवर बसलेले समुद्रपक्षी. सुंदर होतं, पण पासपोर्ट तीनदा तपासण्यात निम्मं हुकलं. मोठ्या पेट्या दिल्या. हातातली पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर गेली, थांबली, मागे आली.

पोरसवद्या माणसाने आतून शालीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. घडीवर घडी उलगडत गेला. शेवटी तेलाची बाटली. पेटीत फुटेल म्हणून ताईने ती जवळ ठेवली होती. तेव्हा तिथे द्रवाला मर्यादा १०० मिलिलिटर होती.

ताईने वादावादी केली नाही. तिने आपलं सगळं इटालियन गोळा केलं. "नुओव्हो," ती म्हणाली, नवं. "फिरेंझे. बुओनो." फ्लॉरेन्स. चांगलं.

त्याने बाटली उजेडाकडे धरली. चिठ्ठी वाचली. "पेक्कातो," म्हणाला. वाईट झालं. आणि खाली कचऱ्याच्या डब्यात न टाकता ती मागच्या फळीवर उभी करून ठेवली.

"घरी नेणार बघ हा," मी म्हटलं.

ताई बुटांचे बंद बांधत होती. "नेऊ दे. इथल्या पावात मीठ असतं, जरा जपून घाल म्हणावं."